सिनाईच्या रंगीत घळीत

आमच्या नारपोलीच्या कारखान्यात चोवीस लूम आहेत आणि चोवीसही लूमवर एकाच रंगाचं कापड निघतं, म्हणजे खरं तर बिनरंगाचं. भिवंडीत त्याला ग्रे कापड म्हणतात. आम्ही विणायचं आणि दुसऱ्या गावच्या लोकांनी रंगवायचं, असा हा धंदा आहे. त्यामुळे माझा धाकटा भाऊ अजीज याने इजिप्तहून लिहिलं की, "भाई, इथल्या वाळवंटात एक घळ आहे, तिच्या दगडांत इतके रंग आहेत की तुम्हाला खोटं वाटेल, एकदा सगळे या," तेव्हा मी पत्र वाचलं, घडी केली आणि कपाटात ठेवून दिलं. दगड बघायला विमानाने कोण जातं?

ते पत्र माझ्या मुलीने कपाटातून काढलं. नसीम तेव्हा सतरा वर्षांची, बारावी सायन्सला होती. तिने ते चार वेळा वाचलं, लायब्ररीतून नकाशाचं पुस्तक आणलं आणि जेवताना माझ्या ताटाशेजारी उघडून ठेवलं. "अब्बा, हे बघा सिनाई. दोन बाजूंना समुद्र आणि मध्ये नुसता दगड."

"जेव," मी म्हटलं.

या पोरीला दगडांचं वेड होतं. पुढे मुंबईला हॉस्टेलवर राहून जिऑलॉजी शिकायचं असं तिने ठरवलं होतं. मी ठरवलं होतं की नाही. पडघ्याहून एक चांगलं स्थळ आलं होतं. घरचं गोडाऊन, मुलगा शिकलेला, निर्व्यसनी. सहलीहून आलो की होकार कळवतो, असा शब्द मी त्यांना दिला होता. नसीमला हे माहीत होतं. ती रडली नाही, भांडली नाही, फक्त माझ्याशी मोजकं बोलायला लागली. सहलीला मी तयार झालो त्याचं खरं कारण हे. वाटलं, लग्नाआधी पोरीची एक हौस पुरवू, म्हणजे तिच्या मनातली अढी जाईल.

अजीज आधी आमच्याच कारखान्यात जॉबर होता. मशीन बिघडलं की नुसत्या आवाजावरून सांगायचा काय झालंय ते. कैरोजवळच्या एका कापड गिरणीला असा माणूस हवा होता, तो तिकडे गेला. तिकिटं त्यानेच पाठवली. चौऱ्याण्णव साली दिवाळीत कामगार मुलुखाला गेले, लूम बंद झाले, आणि मी, माझी बायको रुकय्या आणि नसीम असे तिघं निघालो. मोहल्ल्यात जो तो विचारी, "मक्केला, उमऱ्याला का?" मी सांगे, "नाही, दगड बघायला." लोकांना वाटे मी काहीतरी लपवतोय.

कैरो

रोज पहाटे मी कुराण वाचतो. त्यामुळे अरबांच्या देशात आपलं काही अडणार नाही, असा माझा समज होता. पहिल्याच दिवशी बाजारात तो खोटा ठरला. मला अरबीत जन्नत, जहन्नम, कयामत असले सगळे शब्द येत होते, पण अर्धा किलो कांदे कसे मागायचे ते येत नव्हतं. मी जे काही बोललो ते ऐकून भाजीवाला उभा राहिला, छातीवर हात ठेवला आणि "आमीन" म्हणाला. अजीज हसून हसून टोपलीवर बसला. कांदे शेवटी रुकय्याने बोटाने दाखवून घेतले, वर दोन लिंबं फुकट मिळवली.

तिथल्या जेवणाबद्दल सांगायचं तर सकाळी लोक उकडलेल्या घेवड्याच्या दाण्यांचा लगदा रोटीबरोबर खातात. चव आपल्या वालाच्या बिरड्यासारखी, फक्त मसाला घालायचा विसरल्यासारखी. रुकय्याने घरून जवळ्याची सुकी चटणी डबा भरून आणली होती. विमानतळावर त्या डब्याच्या वासाने एक अधिकारी दोन पावलं मागे सरकला होता, पण कैरोत दुसऱ्या दिवसापासून त्या डब्यानेच आम्हाला तारलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही चौघं बसने सिनाईला निघालो. सुवेझ कालव्याखालच्या बोगद्यातून बस जाते. वर जहाजं चाललीत आणि खाली आपण, हे कळल्यावर रुकय्याने बोगदा संपेपर्यंत दुवा म्हटली.

नुवैबा

नुवैबा हे समुद्रकाठचं लहानसं गाव. समुद्र इतका निळा की आपल्या खाडीची सवय असलेल्या डोळ्यांना तो रंगवलेला वाटतो. पलीकडच्या काठावर सौदीचे डोंगर दिसतात. अजीजने ओळखीतून एक वाटाड्या ठरवला होता. उन्हाने रापलेला, किडकिडीत, पन्नाशीचा बेदुइन गृहस्थ, वाळवंटातल्या भटक्या टोळीतला. त्याला नाव विचारलं तर म्हणाला, "ईद." आम्हाला वाटलं शुभेच्छा देतोय. आम्हीही "ईद मुबारक" म्हणून त्याला मिठी मारली. मग अजीजने उलगडा केला की याचं नावच ईद आहे. तो मात्र मिठीने इतका खूष झाला की दोन दिवस मला 'अखी', म्हणजे माझा भाऊ, म्हणून हाक मारत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याच्या जुन्या जीपमधून आम्ही निघालो. डांबरी रस्ता संपला, वाळू लागली, मग वाळूही संपली आणि नुसते दगड लागले. वाटेत एका उजाड डोंगराच्या अंगावर काळे ठिपके हलताना दिसले. शेळ्या होत्या. त्यांच्यामागे डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे घातलेली बारा-तेरा वर्षांची एक मुलगी. आसपास दहा मैलांत घर नाही, झाड नाही.

"एकटीच?" मी अजीजकरवी विचारलं.

ईद म्हणाला, "माझीच मुलगी आहे. सलमा."

"भीती नाही वाटत?"

"तिला?"

"तुला."

ईदने थोडा विचार केला. अजीजने त्याचं उत्तर मराठीत सांगितलं. "तो म्हणतो, डोंगर तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी भीती कशाची बाळगू?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मागच्या सीटवर नसीम मान वळवून सलमाकडे बघत होती. नसीम काही बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

जीप एका पठारावर थांबली. इथून घळीत उतरायचं होतं. उतरण्याआधी ईदने सगळ्यांसाठी न्याहारी बनवली. वाळूवर काटक्या पेटवल्या, पीठ मळलं, जाड भाकरी थापली आणि सरळ निखाऱ्यांत पुरून वर वाळू लोटली. रुकय्याचा जीव वर-खाली. "अहो, वाळूत भाकरी! दात राहतील का?" थोड्या वेळाने त्याने ती बाहेर काढली, दोन-चार फटके मारून झाडली, पुढे ठेवली. एक कण दाताखाली आला नाही. आपली तांदळाची भाकरी मऊ, ही खमंग आणि चिवट, पण गरम भाकरीचा वास सगळ्या मुलखात सारखाच. रुकय्याने भीतभीत जवळ्याची चटणी पुढे केली. ईदने वास घेतला, त्याचे डोळे चमकले. त्याच्या टोळीचे लोकही समुद्रातली मासळी सुकवून डोंगरात नेतात म्हणे. अर्धा डबा त्याने एकट्याने संपवला. जिच्या डब्याला विमानतळावर नाकं मुरडली होती, ती माझी बायको त्या दिवशी पठारावर राणीसारखी बसली होती.

घळ

आता जे सांगतो ते नीट जमेल की नाही, माहीत नाही.

आम्ही दगडांवरून घसरत, एकमेकांचे हात धरत खाली उतरलो. सुरुवातीला दोन्ही बाजूंना साध्या पिवळट भिंती होत्या. मग एक वळण आलं, आणि रुकय्याने माझा हात घट्ट धरला. भिंती लाल झाल्या होत्या. नुसत्या लाल नाहीत. लालावर पिवळी रेघ, त्यावर जांभळी, त्यावर दुधासारखी पांढरी, मग पुन्हा गुलाबी. रेघा सरळ जात जात मधेच वळसे घेत होत्या, लाटांसारख्या. वर आभाळाची निळी चिंधी तेवढी दिसत होती, आणि ऊन वरून खाली येताना एका भिंतीवरून दुसरीवर पडत होतं, त्यामुळे आमच्या चौघांची तोंडंसुद्धा गुलाबी झाली होती. अजीज आधी येऊन गेलेला, तरी तोही मान वर करून बघत होता.

ईदने एक खडा उचलून नसीमच्या हातात दिला. "हजर," तो म्हणाला.

"हजर!" नसीमही म्हणाली, शाळेत हजेरी देतात तशी, आणि खळखळून हसली. अरबीत हजर म्हणजे दगड. किती आठवड्यांनी मी तिला हसताना पाहिलं होतं!

मग ती थांबेना. भिंतीवर तळवा टेकवून मला सांगायला लागली, "अब्बा, ही सगळी वाळू आहे. एकावर एक थर बसले, दाबले गेले, त्यांचा दगड झाला. लाल आहे ना, ते लोखंड. वाळूतलं लोखंड गंजलं की असा रंग येतो."

"म्हणजे हा गंज?"

"गंजच."

मला हसू आलं. कारखान्यात लूमच्या गंजाचा एक डाग कापडावर पडला तर व्यापारी अख्खा तागा परत पाठवतो. इथे जगभरातून लोक गंज बघायला येतात. मी हे म्हणालो तेव्हा नसीम परत हसली. बापलेकीचं बोलणं पुन्हा सुरू झालं, असं वाटून मी मनात म्हटलं, तिकिटांचं सार्थक झालं. पण पुढचं अजून व्हायचं होतं.

घळ अरुंद होत गेली. शेवटी एक प्रचंड धोंडा दोन भिंतींमध्ये अडकून बसलेला, आणि त्याच्या खाली एक भोक. वाट त्या भोकातून. पाय पुढे टाकून बसायचं, घसरायचं आणि पलीकडे माणूसभर खाली वाळूत पडायचं. रुकय्याने वाकून पाहिलं आणि सरळ झाली. "मी नाय उतरायची त्यात. कोणी काय पण सांगा."

ईद म्हणाला, वरून एक वाट आहे, जरा चढाची, पण मोकळी. तो बाईला घेऊन जाईल. मदतीला अजीजही जाईल, कारण तिला हात द्यायला घरचा माणूस हवा. भोकातून जायचं असेल त्यांनी जावं. खाली एक बाभळीचं झाड आहे, तिथे सगळ्यांनी भेटायचं. "रस्ता चुकायचा नाही," अजीजने त्याचं बोलणं सांगितलं, "पाणी जिकडे जातं तिकडे जा."

"पाणी कुठंय इथे?" मी विचारलं. पण तोवर नसीम भोकातून पलीकडे पोचलीसुद्धा होती. तिला एकटीला कसं सोडायचं? मी बसलो, पाय आत घातले आणि घसरलो.

अर्ध्यात अडकलो. माझं वजन तेव्हा ब्याण्णव किलो होतं. पोट धोंड्याखाली, पाय पलीकडे हवेत, डोकं अलीकडे. रुकय्या वरच्या वाटेने निघून गेलेली. मी हाक मारली, ती माझ्याच छातीत राहिली. श्वास घेतला की पोट अधिकच आवळे. खोटं कशाला बोलू, मी घाबरलो. कलमा ओठांवर आला.

पलीकडून नसीमचा आवाज आला, अगदी शांत. "अब्बा, श्वास घेऊ नका. सोडा. सगळा सोडा. आता उजवा खांदा आधी."

तिने माझ्या दोन्ही पायांना धरलं होतं. मी श्वास सोडला, खांदा वळवला. सदऱ्याची तीन बटणं तुटली आणि मी धपकन वाळूत पडलो, तिच्यासकट. ती खाली आणि मी वर. तिला लागलं का म्हणून मी धडपडत उठलो, तर ती वाळू झटकत म्हणाली, "कापूस भरलेली गोणी पडली अंगावर."

मागे फिरण्याचा प्रश्नच उरला नव्हता. पाण्याची पिशवी रुकय्याच्या खांद्यावर राहिली होती. आम्ही चालायला लागलो, आणि थोड्याच वेळात घळीला दोन फाटे फुटले. डावा रुंद, उजेडाचा. उजवा इतका अरुंद की एका अंगाने सरकावं लागेल. जमीन दोन्हीकडे सपाटच दिसत होती.

"डावीकडे," मी म्हटलं.

नसीम खाली बसून खडे बघत होती. "अब्बा, मला वाटतं उजवीकडे."

"त्या फटीत पुन्हा अडकायचं आहे का मला? चल."

मी बाप आहे, मी पुढे झालो. ती मागून आली. वीस मिनिटं आम्ही चाललो. भिंती आणखी देखण्या होत गेल्या, पण मी काही बघत नव्हतो. घसा कोरडा पडला होता. एक वळण घेतलं आणि समोर तीन माणसं उंचीची गुळगुळीत लाल भिंत. रस्ता संपला.

मी खाली बसलो. ईद, रुकय्या, अजीज तिकडे वर डोंगरावर, आणि मी माझ्या पोरीला घेऊन जगाच्या कुठल्या कोपऱ्यात येऊन बसलो, असं मनात आलं. पोरीला कळू नये म्हणून चपला काढून वाळू झटकायला लागलो. नसीमने ओळखलंच. ती शेजारी बसली, खिशातून दोन खजूर काढले, एक मला दिला. "मी सांगितलं होतं" असं ती म्हणाली नाही. आजपर्यंत म्हणालेली नाही.

"तुला कसं कळलं?" शेवटी मीच विचारलं.

तिने मला जमिनीवरचे चपटे दगड दाखवले. "हे बघा, एकावर एक कलंडलेत, छपरावरच्या कौलांसारखे. पूर येतो तेव्हा पाणी त्यांना असं रचून जातं. पाणी कुठून आलं आणि कुठे गेलं, ते यांच्यावरून कळतं. हा फाटा पाणी घेऊन येणारा आहे, अब्बा. नेणारा उजवा."

"ईद म्हणाला ते पाणी हेच?"

"हेच. वाळलेलं."

"हे कॉलेजात शिकवलं?"

"नाही. लायब्ररीतल्या पुस्तकात होतं. खरं असतं का ते मलाही माहीत नव्हतं. आज पहिल्यांदाच बघितलं." तिचा चेहरा तेव्हा असा उजळला होता की, आपण चुकलोय, पाणी नाही, हे तिच्या गावीही नव्हतं.

"पुढे तूच चाल," मी म्हटलं.

आम्ही मागे आलो. उजव्या फटीत ती पुढे, मी मागे. छाती भिंतीला घासत, पोट आत ओढत. ती दर दहा पावलांनी वळून "जमतंय ना?" विचारायची आणि मी "हां, हां" म्हणायचो. मग एकदम फट उघडली, पांढरं ऊन डोळ्यांत घुसलं, आणि समोर ती बाभूळ. तिच्या सावलीत ईद चहा उकळत होता आणि रुकय्या उभी राहून डोळ्यांवर हात धरून आमची वाट बघत होती. तिने आधी नसीमला चाचपलं, मग माझ्या उघड्या सदऱ्याकडे पाहिलं.

"बटणं कुठे गेली?"

"घळीला देऊन आलो," मी म्हटलं.

आमच्याकडून ऐकून अजीजने ईदला सगळं सांगितलं. ईदने नसीमकडे पाहून डाव्या फाट्याच्या दिशेने बोट केलं आणि काहीतरी विचारलं. तिने दोन तळवे एकावर एक कलते धरून दगड दाखवले. ईद उठला, स्वतःच्या हाताने तिला पहिला पेला दिला. चहात डोंगरातला कसलासा पुदिना होता. तसला चहा मी पुन्हा प्यायलेलो नाही.

समुद्रावर

संध्याकाळी नुवैबाला परतलो. नसीम आणि अजीज पाण्यात पाय सोडून बसले होते. मी रुकय्याजवळ वाळूत बसलो. दिवसभर जे मनात चाललं होतं ते सांगायचं कसं, कळत नव्हतं.

"पडघ्याच्या लोकांना," मी सुरुवात केली, "काय सांगायचं आता? शब्द दिलाय मी. पण मला वाटतं... पोरगी शिकू दे. मुंबईला. त्यांना वाईट वाटेल, पण मी स्वतः जाऊन माफी मागतो."

रुकय्या सदऱ्याला बटण लावत होती. दोरा दाताने तोडून म्हणाली, "जाऊ नका."

"का?"

"मी कळवलंय त्यांना, नाय म्हणून. निघायच्या आदल्या दिवशी फोन केला."

मी बघतच राहिलो. "मला न विचारता?"

"होकार द्यायच्या आधी तुम्ही मला विचारलं होतं का?"

राग आला, खरंच आला. मी उठून समुद्रापर्यंत गेलो. तिथे अजीजने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन तोंड फिरवलं, त्यावरून कळलं की हा बेट्याही कटात होता. "भाभीने पत्रात लिहिलं होतं," तो म्हणाला, "की भाईला काहीही करून इकडे बोलाव. बाकी मी काही केलं नाही, भाई."

माझा राग तिथपर्यंतच टिकला. हसायला लागलो ते थांबेचना. फक्त नसीमला काही ठाऊक नव्हतं. ती आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. "काय झालं? अब्बा, काय झालं?"

मी पायजमा वर केला, पाण्यात उतरून तिच्याजवळ गेलो आणि सांगितलं. ती उठली आणि माझ्या दंडाला कपाळ टेकून उभी राहिली. लाटा आमच्या गुडघ्यांवर येत होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही कैरोला परतणार होतो. सकाळी मीच अजीजला बसची तिकिटं बदलायला पाठवलं आणि ईदची जीप बोलावली. या वेळी मी वरच्या मोकळ्या वाटेने गेलो, आणि नसीम, ईदने बरोबर आणलेल्या सलमासोबत, भोकातून. सलमा अनवाणी होती आणि दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, तरी त्यांच्या बोलण्याचा आवाज घळीतून वर माझ्यापर्यंत येत होता. बाभळीपाशी भेटलो तेव्हा नसीमच्या ओढणीत खडे बांधलेले होते. मी ते गाठोडं खांद्यावर घेतलं. मग तिच्याबरोबर पुन्हा उजव्या फटीपर्यंत गेलो आणि एकेका रेघेवर बोट ठेवून विचारायला लागलो, हा थर कसला, आणि हा? ती सांगत गेली. दोन तासांच्या वाटेला आम्हाला पाच तास लागले. ईद दोनदा चहा उकळून पुन्हा आग विझवून बसला, पण माझे प्रश्न संपत नव्हते.